गिटारचा कॉम्प्रेसर : त्याची निवड व उपयोग

कल्याणांतील घरोघरीं पूर्वीं पेटी आणि तबला हींच वाद्यें दिसत. आतां त्यांच्या जोडीला गिटार आली आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि आचार्य अत्रे रंगमंदिरांतील वाद्यवृंदांत तिचा आवाज कोणासही नवा वाटत नाहीं. लोकलच्या गर्दींत पाठीवर गिटारीची पिशवी अडकवून चाललेला विद्यार्थीही आतां नवलाचा राहिलेला नाहीं. वाद्य घरांत आलें कीं त्याच्या मागोमाग त्याचा सरंजाम येतो. प्रथम तारा, मग पट्टा, मग ध्वनिवर्धक, आणि एके दिवशीं मुलगा आईवडिलांपुढें मागणी ठेवतो कीं, “मला कॉम्प्रेसर पेडल हवें.” वस्तु पाहावी तर तळहातावर मावणारी धातूची डबी, किंमत मात्र कांहीं हजार रुपये! वडिलांस वाटतें, हें निव्वळ खेळणें. मुलास वाटतें, याच्यावांचून आपलें वादन अडून राहिलें आहे. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. ही डबी करते काय, ती कोणी घ्यावी, कोणी घेऊं नये, आणि घेतल्यास कशी वापरावी, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

प्रथम गिटारीच्या स्वराचा स्वभाव पाहूं. पेटीच्या स्वरास भात्याची हवा सतत मिळत असते, बांसरीच्या स्वरास वादकाचा श्वास मिळतो, सारंगीच्या तारेवर गज फिरत असतो. गिटारीचें तसें नाहीं. तार छेडली कीं आवाज एका क्षणांत शिखरास पोंचतो आणि त्याच क्षणापासून उतरूं लागतो. शिवाय प्रत्येक आघात सारखा नसतो. नवशिक्याच्या हाताखालीं एक स्वर दणकन् उठतो, तर दुसरा कुजबुजल्यासारखा येतो. घरीं एकट्यानें वाजवितांना याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु ढोलकी, की-बोर्ड आणि दोन गायक सोबतीला असले म्हणजे हळू वाजलेले स्वर पार बुडून जातात आणि जोरानें वाजलेले तेवढे श्रोत्यांच्या कानांवर आदळतात. ही विषमता कमी करण्यासाठींच कॉम्प्रेसर आहे. कॉम्प्रेस करणें म्हणजे दाबणें. परंतु येथें हवा अथवा कापूस दाबावयाचा नसून मोठ्या व लहान आवाजांतील अंतर दाबावयाचें असतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हें कार्य कसें घडतें, तें एका दृष्टांतानें सांगतों. समजा, घरांत रेडिओ लागला आहे आणि त्याच्या आवाजाच्या खुंटीवर एक सावध मनुष्य हात ठेवून बसला आहे. त्यानें मनाशीं एक खूण ठरविली आहे. आवाज त्या खुणेच्या खालीं असेतोंपर्यंत तो स्वस्थ बसतो. आवाज खुणेवर चढला कीं खुंटी थोडी पिळून तो खालीं आणतो. आवाज उतरला कीं खुंटी पुन्हां पूर्वस्थळीं नेतो. या मनुष्याची खूण म्हणजे ‘थ्रेशोल्ड’, आपण तिला उंबरठा म्हणूं. उंबरठा ओलांडणाऱ्या आवाजास तो किती दाबतो, तें प्रमाण म्हणजे ‘रेशो’. किती चपळाईनें दाबतो, तो काळ ‘अटॅक’. आणि किती सावकाश सोडतो, तो काळ ‘रिलीज’. दाबल्यामुळें एकंदर आवाज लहान झाला, तो भरून काढण्यासाठीं शेवटीं आणखी एक खुंटी असते, तिला बहुधा ‘लेव्हल’ किंवा ‘आउटपुट’ असें नांव असतें. कॉम्प्रेसर कितीही महाग असो अथवा स्वस्त, त्याच्या पोटांत हा एकच मनुष्य बसलेला असतो. कोणाचा चपळ, कोणाचा धीमा, एवढाच काय तो फरक.

आतां थोडें गणित करूं. आवाजाचें मान डेसिबलमध्यें मोजतात. विजेच्या दाबाचें मान दुप्पट झालें तर सुमारें ६ डेसिबल वाढ होते, आणि दहापट झालें तर २० डेसिबल. समजा, आपला एक हलका आघात बरोबर उंबरठ्यावर आहे आणि एक जोराचा आघात त्याच्या १२ डेसिबल वर आहे. म्हणजे तो सुमारें चौपट झाला. कॉम्प्रेसरचें प्रमाण चारास एक असेल, तर उंबरठ्यावरील १२ डेसिबलचे ३ च उरतात. चौपटीचें अंतर सुमारें दीडपटीच्याही आंत आलें! यानंतर लेव्हलच्या खुंटीनें दोन्ही आघात ६ डेसिबल वर उचलले, तर हलका स्वर पूर्वीपेक्षां ६ नें मोठा होतो आणि जोराचा स्वर ९ वर, म्हणजे पूर्वीपेक्षां ३ नें लहान राहतो. हलक्या आघातास जें वरदान मिळालें, तेंच स्वराच्या उतरत्या शेपटासही मिळतें. तार मंदावूं लागली कीं दाब आपोआप सुटतो आणि शेपूट वर उचललें जातें. सतारिये ज्याला आस म्हणतात, ती अशा रीतीनें लांबते. येथें एक गोष्ट मात्र विसरूं नये. तारेखालची खरखर, विजेची गुणगुण आणि बोटांचें घासणें हींसुद्धां त्याच ६ डेसिबलांनीं वर येतात. यंत्रास राग आणि खरखर यांतील भेद कळत नाहीं.

ही कल्पना आपल्याकडे अगदींच परकी आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपली पेटी उघडून पाहिली तर बाहेरच्या भात्याच्या मागें दुसरी एक पिशवी स्प्रिंगांनीं दाबलेली आढळते. हात कमीजास्त हलला तरी सुरांच्या पट्ट्यांना हवा सारख्या दाबानें मिळावी, यासाठीं ती असते. तसेंच, मुरलेला गवई तारसप्तकांत जातांना मायक्रोफोनपासून तोंड दूर नेतो आणि खर्जांत उतरतांना जवळ आणतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. हा तर मानवी कॉम्प्रेसरच होय! मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. नभोवाणीच्या त्या युगांत जगभर सर्वत्र एकच अडचण होती: आवाज फार मोठा झाला तर प्रक्षेपण फाटे, फार लहान झाला तर तें वातावरणांतील खरखरींत बुडे. म्हणून अभियंता काट्यावर नजर ठेवून हातानें खुंटी फिरवीत बसे. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत हें काम विजेच्या मंडलांकडे आलें. तेथून तें ध्वनिमुद्रणगृहांत शिरलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत वादकाच्या पायाखालच्या डबींत येऊन बसलें. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील एम.एक्स.आर. कंपनीचा ‘डायना कॉम्प’ हा त्या काळचा नामांकित नमुना. त्यावर अवघ्या दोन खुंट्या होत्या. जपानच्या बॉस कंपनीनें १९७८ सालीं ‘सी.एस. १’ आणि १९८६ सालीं चार खुंट्यांचा ‘सी.एस. ३’ काढला. आज बाजारांत मिळणारीं पुष्कळशीं पेडलें या दोन घराण्यांचीं नातवंडें आहेत, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

पोटांतील रचनेप्रमाणें या पेडलांचे मुख्यतः तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारांत, म्हणजे डायना कॉम्पच्या कुळांत, विजेच्या प्रवाहानें ज्याची वर्धनशक्ति कमीजास्त करतां येते असा एक भाग असतो. याची पकड घट्ट. आस चांगली लांबते, पण स्वराची वरची चमक थोडी मंदावते. दुसरा प्रकार प्रकाशाचा. त्यांत एक इवलासा दिवा आणि प्रकाशानें ज्याचा रोध बदलतो असा एक तुकडा शेजारीं शेजारीं बंद केलेले असतात. आवाज वाढला कीं दिवा उजळतो, रोध बदलतो आणि आवाज दबतो. हा तुकडा अंमळ सावकाश चालतो, म्हणून याचें काम मृदु असतें. तिसऱ्या प्रकारांत विजेच्या दाबावर चालणारे नेमके व चपळ भाग वापरतात. त्याचा हात वेगवान, पण वापरणाऱ्यास खुंट्यांचें ज्ञान असावें लागतें. यांत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न निरर्थक आहे. आपणांस काय वाजवावयाचें आहे, हें आधीं ठरवावें. मींड घेत एकेक स्वर लांबवावयाचा असेल तर पहिला. गाण्यामागें स्वरसमूह हळुवार छेडावयाचे असतील तर दुसरा. जलद व तुटक वादन असेल तर तिसरा सोईचा पडतो.

दुकानांत जाण्यापूर्वीं पालकांनीं एक प्रश्न अवश्य विचारावा: घरांतील गिटार कोणती आहे? पुष्कळ घरीं पोकळ पोटाची साधी गिटार असते. तिच्यांत तारांचीं कंपनें विजेंत उतरविणारें साधन, म्हणजे पिकअप, बसविलेलें नसेल, तर पेडलचा तिला कवडीचाही उपयोग नाहीं. ज्यांची तयारी शास्त्रीय गिटारीच्या परीक्षेसाठीं चालली आहे, त्यांनाही याची गरज नाहीं. तेथें आघाताचा लहानमोठेपणा हाच परीक्षेचा विषय असतो. विजेची गिटार असली तरी खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवितों: आधीं चांगल्या तारा आणि सूर जुळविण्याचें यंत्र, मग गुरूची शिकवणी, मग बरासा ध्वनिवर्धक, आणि त्यानंतर कॉम्प्रेसर. जुन्या तारांच्या, बेसूर गिटारीवर कॉम्प्रेसर लावणें म्हणजे बेसूरपणाची आस लांबविणें होय.

खरेदीसाठीं कल्याणची मंडळी बहुधा मुंबईस धोबीतलावाच्या वाद्यांच्या दुकानांत जातात. तारा, अडॅप्टर वगैरे किरकोळ वस्तु लॅमिंग्टन रोडवरही मिळतात. जातांना आपली स्वतःची गिटार न्यावी. दुकानांतील उंची गिटारीवर ऐकलेला आवाज घरीं येत नाहीं. आमच्या गांवाचें नांव एका थाटाचेंही नांव आहे. तेव्हां परीक्षेसाठीं कल्याण थाटाचाच आरोह घ्यावा. सा रे ग, तीव्र मध्यम, प ध नि आणि वरचा सा, असे आठ स्वर प्रथम पेडल बंद ठेवून हलके वाजवावे, मग जोरानें. नंतर पेडल चालू करून तेंच पुन्हां करावें. हलके व जोराचे स्वर जवळ आले, पण बोटाच्या आघाताचा ठसका शिल्लक राहिला, तर पेडल चांगलें. सगळे स्वर गादीखालीं दडपल्यासारखे आले, तर दुसरें पाहावें. त्यानंतर तारा हातानें बंद करून नुसती खरखर ऐकावी. ‘ब्लेंड’ नांवाची खुंटी असल्यास उत्तम. तिच्या योगानें दाबलेला व मूळचा स्वर हव्या त्या प्रमाणांत मिसळतां येतो, आणि नवशिक्याच्या चुका कमी अपायकारक होतात. वापरलेलें पेडल घेण्यास हरकत नाहीं. मात्र खुंट्या फिरवितांना कडकड होते काय, पायाचें बटन प्रत्येक वेळीं लागतें काय, आणि बॅटरीच्या खणांत गळतीचे डाग आहेत काय, हें पाहून घ्यावें.

विजेसंबंधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या अडॅप्टरच्या टोकाची मधली कांडी बहुधा ऋण असते. धन-ऋण उलट झाल्यास पेडल बिघडूं शकतें; म्हणून पेडलवरील चिन्ह आणि अडॅप्टरवरील चिन्ह ताडून पाहिल्याखेरीज जोडूं नये. बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडलांत गिटारीची वायर आंत खोंचली कीं बॅटरी खर्च होऊं लागते, मग पायाचें बटन बंद असो वा चालू. म्हणून रियाज संपतांच वायर काढावी. आणि ध्वनिवर्धकाचा तीन पायांचा प्लग दोन पायांच्या छिद्रांत बसविण्यासाठीं जमिनीशीं जोडणारा तिसरा पाय तोडण्याचा जो प्रघात कांहीं मांडवांत दिसतो, तो सर्वस्वीं घातक आहे. बोटें तारांवर आणि ओंठ मायक्रोफोनवर असतां बसणारा विजेचा धक्का प्राणावर बेतूं शकतो. मुलांनीं अशा ठिकाणीं वाजविण्यास स्पष्ट नकार द्यावा, आणि पालकांनीं त्यांस पाठिंबा द्यावा.

आतां उपयोगाची रीत. पेडलांची ओळ लावतांना गिटारीनंतर सूर जुळविण्याचें यंत्र, मग कॉम्प्रेसर, मग आवाज फोडणारीं पेडलें, मग प्रतिध्वनीचीं पेडलें आणि शेवटीं ध्वनिवर्धक, असा साधा क्रम ठेवावा. कॉम्प्रेसर मागें नेला तर तो आधींच्या सर्व पेडलांची खरखर आणि प्रतिध्वनींचीं शेपटें उचलून धरतो. फोडलेला आवाज आपण होऊनच पुष्कळ दबलेला असतो, म्हणून तशा वादनांत कॉम्प्रेसर बहुधा निरुपयोगी ठरतो. स्वच्छ, न फुटलेल्या आवाजांत त्याचें खरें काम.

खुंट्या पुढील क्रमानें लावाव्या. गिटारीचा स्वतःचा आवाज पुरा ठेवावा. पेडलवरील ‘सस्टेन’ अथवा ‘सेन्सिटिव्हिटी’ अगदीं कमी करावी. दोन खुंट्यांच्या पेडलांत दाबाचें मान याच खुंटीनें वाढतें. मग नेहमींच्या जोरानें वाजवून, पेडल चालू व बंद करून पाहत, दोन्ही वेळीं आवाज सारखा येईल अशी लेव्हल ठेवावी. या पायरीचें महत्त्व फार आहे. कारण कानास मोठा आवाज नेहमींच अधिक चांगला वाटतो, आणि पुष्कळ लोक केवळ आवाज वाढल्यामुळें कॉम्प्रेसरची स्तुति करीत असतात. त्यानंतर सस्टेन हळूहळू वाढवावें. स्वर सारखे होऊं लागतील. पुढें एका जागीं आघाताची धार बोथट होईल. तेथें थांबून थोडें मागें यावें. अटॅकची खुंटी असल्यास ती अशी लावावी कीं आघाताचा पहिला क्षण सुटून जाईल आणि दाब त्याच्या पाठोपाठ येईल. मात्र ही खुंटी कोणत्या बाजूस फिरविली असतां काळ वाढतो, हें निरनिराळ्या पेडलांत निरनिराळें असतें, म्हणून सोबतची पुस्तिका पाहावी. शेवटीं लेव्हल पुन्हां जुळवावी. प्रत्येक आघातानंतर आवाज धापा टाकल्यासारखा खालींवर होऊं लागला, तर दाब जास्त झाला असें समजावें. घरच्या खोलींत लावलेल्या खुंट्या सभागृहांत जशाच्या तशा चालत नाहींत. तेथें सर्व वाद्यांसह एकदां वाजवून पाहावेंच.

येथवर गुण सांगितले; आतां दोष. कॉम्प्रेसर हात झांकतो. ज्या मुलाचे आघात विषम आहेत, त्याला पेडल लावल्याबरोबर आपण चांगलें वाजवितों असा भास होतो, आणि ज्या दोषाकडे कानानें लक्ष द्यावयाचें तो दोषच ऐकूं येईनासा होतो. वर्षभर असा रियाज केलेल्या वादकाच्या हातीं साधी गिटार दिली तर त्याची त्रेधा उडते. दुसरें असें कीं, संगीतांत लहान व मोठा यांना अर्थ आहे. मुखड्यावर येतांना जो जोर द्यावयाचा आणि अंतऱ्याच्या एखाद्या स्वरावर जी हळुवार बोटें ठेवावयाचीं, तीं सगळीं एकाच पातळीवर आणून ठेवलीं तर गाणें राहतें, पण बोलणें नाहींसें होतें. आस वाढविण्यास वीज हाच एक मार्ग आहे असेंही नाहीं. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनीं आडव्या गिटारीवर तारेवरून सळई सरकवून हिंदुस्थानी राग उभे केले; १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत त्यांची गिटार संतूर आणि बांसरी यांच्या बरोबरीनें ऐकूं येते. पंडित विश्वमोहन भट यांनीं आपल्या मोहनवीणेस तरफेच्या तारा जोडल्या, त्या आपोआप झंकारून स्वरास आधार देतात. हात आणि लांकूड यांच्याकडून पुष्कळ मिळविल्यावर मग यंत्राकडे वळणें, हाच सरळ मार्ग.

तिसरा दोष कानांचा. दाबलेल्या आवाजांत शिखरें कमी झालीं तरी सरासरी वाढते, आणि कानांस विसावा मिळत नाहीं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षां अधिक कानीं पडूं नये, आणि त्यावर दर ३ डेसिबल वाढीस हा काळ निम्मा करावा, असा तज्ज्ञांचा एक सर्वमान्य दंडक आहे. हेडफोन लावून रात्रीं उशिरापर्यंत वाजविणाऱ्या मुलांच्या पालकांनीं हें लक्षांत ठेवावें. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आणि आमच्या चाळी व इमारती यांच्या भिंती किती पातळ आहेत, तें सर्वांस ठाऊकच आहे.

तर मग पेडल घ्यावें कीं न घ्यावें? याचा निर्णय करण्यासाठीं एक सोपी परीक्षा आम्ही सुचवितों. तिला पैसा लागत नाहीं. मुलानें पेडलवांचून कल्याण थाटाचा आरोह-अवरोह दहा वेळां वाजवावा आणि तो मोबाईलवर मुद्रित करावा. पहिल्या पांच वेळां सर्व स्वर सारख्या जोराचे असावे. पुढील पांच वेळां सा पासून वरच्या सा पर्यंत आवाज क्रमानें वाढवीत न्यावा आणि उतरतांना क्रमानें कमी करावा. मग आईवडिलांनीं व मुलानें एकत्र बसून तें ऐकावें. गाणें न कळणाऱ्यासही एखादा स्वर बुडाला कीं उसळला, हें कळतें. दोन्ही गोष्टी साधल्या असतील तर हात तयार आहे. त्याला वाद्यवृंदांत कॉम्प्रेसरची खरोखर गरज पडेल, आणि घातलेला पैसा सार्थकीं लागेल. साधल्या नसतील तर तेच पैसे सहा महिन्यांच्या शिकवणीस लावावे आणि नंतर पुन्हां परीक्षा घ्यावी. ज्यांनीं पेडल आधींच घेतलें आहे, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. त्यांनीं रोजच्या रियाजाचा पहिला अर्धा तास तें बंद ठेवावें, म्हणजे झालें. इत्यलम्.